‘तीन’ म्हणजे तीनच, की निदान तीन?

उंबरठा

ही तीन वाक्यं बघा.

पास व्हायला तीन उत्तरं बरोबर यायला हवीत.
एका वेळी तीन पुस्तकं घरी नेता येतील.
या परिच्छेदात तीन चुका आहेत.

पहिल्यात चार उत्तरं बरोबर आली म्हणून कुणी नापास करणार नाही. दुसऱ्यात दोनच पुस्तकं नेली तरी चालतं, पण चौथं उचललं की अडवतील. तिसऱ्यात कमी नाही आणि जास्तही नाही. शब्द एकच, आणि कुणालाही तो समजायला वेळ लागत नाही. मग ‘तीन’चा स्वतःचा अर्थ यांपैकी कुठला?

भाषेच्या अर्थविचारात हा वाद गेली पन्नासेक वर्षं चालू आहे. त्याचं मूळ तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांच्या हार्वर्डमधल्या १९६७ च्या व्याख्यानांत आहे. बोलणारा सहकार्याने बोलतोय, जेवढं सांगणं गरजेचं आहे तेवढं सांगतोय, असं ऐकणारा धरून चालतो, हा त्यांचा पाया. ‘काही विद्यार्थी पास झाले’ असं कुणी म्हटलं की आपण मनात म्हणतो, सगळे झाले असते तर हा ‘सगळे’ म्हणाला असता. त्या अर्थी काही राहिले. ‘काही राहिले’ हे वाक्यात नाही, ते आपण काढलं. म्हणूनच ते मागे घेता येतं: ‘काही पास झाले, खरं तर सगळेच झाले.’ याला सूचितार्थ म्हणू.

लॉरेन्स हॉर्न यांनी १९७२ च्या प्रबंधात हाच हिशेब संख्यांना लावला. ‘काही’च्या वर जसं ‘सगळे’, तसं ‘तीन’च्या वर ‘चार’. ‘तीन’चा शब्दार्थ फक्त ‘निदान तीन’ एवढाच, आणि ‘चार नाहीत’ हा सूचितार्थ. एकाच नियमात दोन्ही गोष्टी बसल्या, आणि पुढे बरीच वर्षं अनेकांनी हेच धरलं.

मला तो हिशेब देखणा वाटतो, पण पटत नाही. का, ते एका छोट्या चाचणीने सांगते.

‘काही विद्यार्थी पास झाले का?’ प्रत्यक्षात सगळे झालेत. उत्तर येईल, ‘हो, सगळेच झाले.’ ‘नाही, सगळे झाले’ हे कानाला खटकतं.

‘तुम्हाला तीन भाऊ आहेत का?’ प्रत्यक्षात चार आहेत. उत्तर येईल, ‘नाही, चार आहेत.’ यात काहीही खटकत नाही. उलट एरवीच्या गप्पांत ‘हो, चार आहेत’ म्हणणारा माणूस विचित्र वाटेल.

साधा ‘नाही’ सहसा सूचितार्थाला लागत नाही, वाक्याच्या अर्थालाच लागतो. इथे तो ‘चार नाहीत’ला लागतोय, म्हणजे हा भाग अर्थाच्या आतच आहे. हॉर्न यांनी स्वतः १९९२ मध्ये हा फरक दाखवला आणि संख्यांपुरती आपली जुनी भूमिका बदलली.

तर माझं म्हणणं असं: ‘तीन’ नेमकं तीनच सांगतं. ‘निदान’ आणि ‘जास्तीत जास्त’ हे रंग भोवतालच्या वाक्यातून चढतात. क्रिस्टोफर केनेडी यांची मांडणी मला यासाठी सगळ्यात जवळची वाटते. पुस्तकांच्या वाक्यात आपण विचारतो, परवानगी कुठपर्यंत आहे? तिचं टोक तीन. पास होण्याच्या वाक्यात विचारतो, कितीवाचून चालणारच नाही? त्याचं टोक तीन. पहिलं टोक ओलांडायची मुभा नाही, दुसऱ्याच्या पुढे जायला कुणाची हरकत नाही. पण दोन्हीकडे ‘तीन’ नेमकं तीनच राहिलं. बदललं ते एवढंच की आपण कशाचं टोक मोजतोय.

तुमचे मुद्दे वाचायला आवडतील. उलट बाजूचे असतील तर आणखीच.

पडघम

धागा फार आवडला. मी उलट बाजूने.

परवानगी आणि गरज बाजूला ठेवा. ‘त्या खोलीत तीन खुर्च्या आहेत का?’ खोलीत पाच आहेत आणि बसणारे तिघं आहेत. उत्तर सरळ ‘हो, आहेत’. इथे ‘हवं’ नाही, ‘येतील’ नाही, टोक काढायला काहीच नाही, तरी ‘निदान तीन’ हाच अर्थ लागला. भावांच्या प्रश्नातही असंच होईल. सामान उचलायला तिघं लागणार आहेत आणि म्हणून कुणी विचारलं, तर ‘हो, चार आहेत’ अगदी नैसर्गिक. म्हणजे तुमची चाचणी शब्दाचा अर्थ मोजत नाही, प्रश्न विचारण्यामागचा हेतू मोजते.

उंबरठा

@पडघम, हेतूचा मुद्दा मान्यच. पण ‘काही’च्या बाबतीत हेतू कितीही बदला, ‘नाही, सगळे झाले’ सुधारत नाही. ‘तीन’ दोन्हीकडे झुकतं, ‘काही’ झुकत नाही. मला हा फरकच महत्त्वाचा वाटतो.

खुर्च्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. ‘तीन खुर्च्या’ म्हणजे खुर्च्यांचा एक गट समजा, ज्यात खुर्च्या नेमक्या तीन. ‘खोलीत तीन खुर्च्या आहेत’ म्हणजे असा एक गट त्या खोलीत आहे. पाच खुर्च्या असतील तर तिघींचे असे दहा वेगवेगळे गट निघतात, त्यामुळे वाक्य खरं ठरतं. गटात नेमक्या तीनच आहेत. ‘निदान’पणा ‘असा गट आहे’ या म्हणण्यातून आला. गट असणं म्हणजे त्याच्या बाहेर काही नसणं नव्हे.

याची पडताळणी करता येते. ‘तीन जणांनी मिळून कपाट उचललं’ घ्या. प्रत्यक्षात चौघांनी मिळून उचललं होतं. आता ‘हो, तिघांनी उचललं, किंबहुना चौघांनी’ असं म्हणता येईल? मला नाही म्हणवत. उचलणारा गट चौघांचा होता, तिघांचा नव्हता, आणि चौघांच्या उचलण्यात तिघांचं उचलणं आपोआप सामावत नाही. ‘तीन’चा शब्दार्थच ‘निदान तीन’ असता तर हे वाक्य चाललं असतं.

‘तिन्ही’ही बघा. ‘त्याची तिन्ही मुलं आली’ म्हटलं की त्याला मुलं नेमकी तीन हे आधीच ठरलेलं असतं. चौथं असेल तर वाक्य नुसतं चुकत नाही, ऐकणारा ‘तिन्ही म्हणजे? त्याला तर चार आहेत’ असं विचारून थांबवतो.

रानफूल

वाचतेय. कपाटाच्या उदाहरणाने एकदम उजेड पडला.

टाचण

माझं काम कायद्याच्या मसुद्यांचं, त्यामुळे हा वाद माझ्यासाठी रोजचा. आम्ही ‘तीन’ एकटं सोडतच नाही. ‘किमान तीन’, ‘तीनपेक्षा अधिक नाही’, ‘फक्त तीन’ असं बांधून टाकतो. एकटं सोडलं की भांडण होणार, हे अनुभवाने कळतं.

पण न्यायालयानेच या प्रश्नाला हात घातल्याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला १९७३ चा ब्रॉन्स्टन खटला. चित्रपट निर्माते सॅम्युएल ब्रॉन्स्टन यांना कंपनीच्या दिवाळखोरीच्या चौकशीत शपथेवर विचारलं गेलं, तुमची स्विस बँकेत खाती आहेत का? ते म्हणाले, नाही. पुढचा प्रश्न, पूर्वी कधी होती का? उत्तर आलं, कंपनीचं एक खातं झुरिकला सहाएक महिने होतं. दोन्ही उत्तरं अक्षरशः खरी. पण त्यांचं स्वतःचं खातं पूर्वी होतं, आणि ऐकणाऱ्याचा समज झाला की नव्हतं. खालच्या न्यायालयात खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. सूचितार्थ खोटा असला तरी विधान खरं आहे, आणि उत्तर प्रश्नाला धरून नाही हे ओळखून खोदून विचारणं हे वकिलाचं काम, असा निकाल.

या धाग्याशी थेट संबंध आहे तो त्यातल्या एका तळटीपेचा. खालच्या न्यायाधीशांनी एक कल्पित उदाहरण दिलं होतं. एखाद्याला विचारलं, त्या दिवशी दुकानात किती वेळा गेलास? तो गेला ५० वेळा आणि म्हणाला ५ वेळा. हेही ‘तांत्रिकदृष्ट्या खरं’, तरी ती खोटी साक्ष होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरण ब्रॉन्स्टन यांच्या उत्तरापासून वेगळं काढलं. थेट ‘किती’ असं विचारल्यावर आकडा उघड कमी करून सांगितला, तर ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या तरी खरं म्हणता येईल का, याचीच न्यायालयाला दाट शंका वाटली.

म्हणजे न्यायालयाच्या लेखी खात्याबद्दलचा गैरसमज हा सूचितार्थ, पण ‘पाच’मधलं ‘पन्नास नाही’ हे बहुधा अर्थाचाच भाग. उंबरठा यांची बाजू मला इथे भक्कम वाटते.

किनारा

@टाचण, तळटीप जबरदस्त आहे.

मी मुलांच्या भाषाशिक्षणाकडून येतो. मोठ्यांना विचारलं की ती विचार करून उत्तर देतात आणि सगळं मिसळतं. लहान मुलं सूचितार्थ काढण्यात कच्ची असतात हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, आणि इथे नेमका त्याचाच उपयोग होतो.

ॲना पापाफ्रागू आणि ज्युलियन मुसोलिनो यांनी २००३ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग असा. तीन घोडे आहेत, तिन्ही कुंपणावरून उडी मारतात. बाहुली म्हणते, ‘काही घोड्यांनी उडी मारली.’ बहुतेक मुलांनी हे बिनतक्रार चालवून घेतलं. मोठी माणसं मात्र अडली. पण तशाच प्रसंगात बाहुली ‘दोन घोड्यांनी उडी मारली’ म्हणाली की बरीचशी मुलंही चूक आहे म्हणून सांगू लागली. ‘दोन’मधला ‘तीन नाही’ जर ‘काही’मधल्या ‘सगळे नाही’सारखाच काढावा लागत असता, तर मुलांनी दोन्हीकडे सारखं वागायला हवं होतं.

दुसरा प्रयोग त्याहून नेटका. यी टिंग हुआंग, एलिझाबेथ स्पेल्की आणि जेसी स्नेडेकर यांचा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. समोर खोके ठेवायचे. एकात एक मासा दिसतो, एकात तीन दिसतात, एक खोका झाकलेला. मग म्हणायचं, दोन मासे असलेला खोका दे. ‘दोन’ म्हणजे ‘निदान दोन’ असेल तर तीनवाला खोका समोरच आहे, त्यात दोन आहेतच. पण मुलं झाकलेला खोका उचलतात. आत काय आहे ते दिसत नसताना! ‘काही’ शब्द वापरून तसंच विचारलं तर मात्र मुलं ‘सगळे’ दाखवणारा उघडा खोका खुशाल देतात.

कॅरेन विन यांच्या नव्वदीच्या दशकातल्या कामातली एक बाबही इथे लागू पडते. ज्या मुलाला फक्त ‘एक’ कळतं, त्याला ‘तीन दे’ म्हटलं तर ते मूठभर वस्तू देतं, पण एक कधी देत नाही. तीन म्हणजे किती ते माहीत नाही, पण एक नव्हे हे माहीत आहे.

जुनीवही

चर्चा वाचून मीमांसा आठवली, म्हणजे वैदिक वाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र. संख्या आणि वाक्यातली तिची जागा यावर तिथे फार बारकाईने विचार झाला आहे.

‘ग्रहं संमार्ष्टि’, म्हणजे ग्रह नावाचं सोमपात्र पुसावं. शब्द एकवचनी. मग एकच पात्र पुसायचं की सगळी? उत्तर, सगळी. एकवचन इथे विवक्षित नाही, म्हणजे ‘एकच’ असं सांगायचा हेतू नाही, कारण पात्र हे उद्देश्य आहे: ते आधीच ठरलेलं आहे आणि त्याच्याबद्दल काही सांगितलं जातंय. उलट ‘पशुना यजेत’ इथे पशू एकच, कारण तिथे पशू हाच विधानाचा भाग आहे. व्याकरणातलं वचन तेच, पण मोजायचं की नाही हे वाक्यातल्या जागेने ठरवलं.

तिसरं कपिंजलांचं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या अकराव्या अध्यायात प्रश्न येतो की ‘कपिंजल पक्षी’ असं नुसतं बहुवचन असेल तर किती घ्यायचे? संस्कृतात दोनसाठी द्विवचन वेगळं, त्यामुळे तीन, चार, शंभर, सगळ्यांनीच बहुवचन खरं ठरतं. निर्णय तीनचा. तीनवर बहुवचनाचं समाधान झालं, त्यापुढे जायला शब्द सांगत नाही. म्हणजे खालची मर्यादा शब्दाने दिली आणि वरची ‘गरजेपुरतंच’ या तत्त्वाने. हा हिशेब मला ग्राइस-हॉर्न यांच्या बराच जवळचा वाटतो, पण लक्षात घ्या, तो बहुवचनाला लावला आहे. ‘तीन’ हा शब्दच असता तर प्रश्नच उभा राहिला नसता.

पडघम

@जुनीवही, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. माझ्या बाजूचा निम्मा युक्तिवाद तुम्ही दिलात, निम्मा काढूनही घेतलात.

पण माझ्याकडे अजून एक आहे, आणि तो आपल्या रोजच्या तोंडातला. ‘एकही मुलगा आला नाही’ हे म्हणतो. ‘एकही मुलगा आला’ हे म्हणत नाही. का? हिंदीतल्या अशाच रचनेवर उत्पल लाहिरी यांनी १९९८ मध्ये जे दाखवलं ते इथेही लागू पडतं. ‘ही’ सांगतो की घेतलेली गोष्ट टोकाची आहे. नकारात ‘एक’ टोकाचा होतो, कारण एक येणं ही सगळ्यात सोपी गोष्ट. तीच घडली नाही म्हणजे दोन, तीन, दहा कुणीच आलं नाही. होकारात मात्र एक येणं यात टोकाचं काहीच नाही, म्हणून वाक्य मोडतं.

आता बघा, एक येणं ‘सगळ्यात सोपं’ कधी ठरेल? दोन आले यात एक आला हे सामावलेलं असेल तरच. ‘एक’चा अर्थ ‘नेमका एक’ असेल तर दोन आल्यावर ‘एक आला’ खोटं ठरतं, आणि सगळी उतरंडच कोसळते. म्हणजे ‘निदान’ हा अर्थ भाषेच्या व्याकरणातच गुंफलेला आहे.

उंबरठा

हा या धाग्यातला माझ्या बाजूवरचा सगळ्यात जड घाव आहे.

उत्तर पुन्हा गटातूनच देते. ‘एक मुलगा आला’ म्हणजे असा एक जण आहे, जो आला. दोघं आले तरी असा एक जण आहेच. त्यामुळे उतरंड टिकते, आणि त्यासाठी ‘एक’ला ‘निदान एक’ व्हावं लागत नाही. जे सामावणं तुम्हाला हवंय, ते ‘आहे’ देतं.

या ‘ही’ची आणखी एक गंमत दिसली. ‘दहाही मुलं आली नाहीत’ हे दोन प्रकारे म्हणून बघा. ‘दहा’वर जोर दिला तर, दहासुद्धा आली नाहीत, त्याहून कमी आली. सपाट म्हटलं तर, जी दहा मुलं होती त्यांतलं कुणीच आलं नाही. पहिल्यात दहा हा उतरंडीवरचा आकडा आहे. दुसऱ्यात दहांचा गट आधीच पूर्ण ठरलेला आहे, ‘तिन्ही’सारखा. जुनीवही यांच्या भाषेत, दुसऱ्यात तो उद्देश्य झाला.

सरासरी

उंबरठा यांनी धाग्यात ‘पन्नासेक वर्षं’ लिहिलंय. त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पन्नासेक, शंभरेक, वीसेक चालतात. सत्तेचाळीसेक चालत नाही. पण सातेक आणि आठेक चालतात, जरी सात हा काही गोल आकडा नाही. माझं निरीक्षण असं की ‘-एक’ फक्त त्याच आकड्याला लागतो जो आपण वापरत असलेल्या मोजपट्टीवर खूण म्हणून छापलेला आहे. लहान आकड्यांत पट्टीवर प्रत्येक खूण असते. मोठ्यांत आपण दहा-दहाची पट्टी घेतो आणि तिच्यावर सत्तेचाळीस छापलेलाच नसतो.

मानफ्रेड क्रिफ्का यांचं गोल आकड्यांवरचं काम याच दिशेचं. ‘शंभर लोक आले’ ऐकल्यावर ९७ होते की १०३, याने वाक्य खोटं पडत नाही. ‘एकशे तीन आले’ म्हटलं आणि १०१ निघाले तर मात्र सांगणारा चुकला. आणि गोलपणा आकड्यात नसतो, पट्टीत असतो: पंचेचाळीस मिनिटं हा वेळेच्या पट्टीवर गोल आकडा, पंचेचाळीस माणसं तेवढी गोल नाहीत. ‘पाऊण तास’ तर त्याहून सैल.

सूचितार्थावरही याचा परिणाम होतो. ‘शंभरपेक्षा जास्त लोक’ ऐकून कुणी पाचशेची कल्पना करत नाही, कारण मग ‘दोनशेपेक्षा जास्त’ म्हणता आलं असतं. पण ‘एकशे एकपेक्षा जास्त नसणार’ असंही कुणी धरत नाही. तुलना पुढच्या आकड्याशी होत नाही, पट्टीवरच्या पुढच्या खुणेशी होते. ‘त्र्याण्णवपेक्षा जास्त’ म्हणा, लगेच अंदाज आवळला जातो.

म्हणून ‘नेमकं तीन’ या म्हणण्याला मी एक पुरवणी जोडेन: नेमकं, पण त्या पट्टीच्या बारकाईइतकंच नेमकं.

किनारा

@सरासरी, सत्तेचाळीसेक मी दिवसभर मनात म्हणून बघितलं. खरंच नाही चालत.

‘किमान’ आणि ‘पेक्षा जास्त’ यांच्यातला फरकही इथेच नोंदवतो. ‘मला एकापेक्षा जास्त भाऊ आहेत’ हे ठीक. ‘मला किमान दोन भाऊ आहेत’ म्हटलं की लोक बघत राहतील; स्वतःचे भाऊ किती हे याला माहीत नाही? गणिताने दोन्ही सारखीच. बार्ट गर्ट्स आणि रिक नाउवेन यांनी २००७ मध्ये हा फरक नीट मांडला: ‘किमान’ म्हटलं की बोलणाऱ्याला नेमका आकडा माहीत नाही असं सूचित होतं. नियमात मात्र ते सूचित होत नाही, ‘किमान तीन कागदपत्रं लागतील’ यात अज्ञान कुठेच नाही.

‘निदान’ त्याहून वेगळं. ‘निदान तीन जण तरी आले’ यात आकडा पक्का माहीत असू शकतो. तिथे समाधान आहे, हवे होते त्याहून कमी, पण एवढे तरी.

पडघम

शेवटचं, शून्याबद्दल. उंबरठा, ‘शून्य विद्यार्थी आले’ तुम्ही कसं सोडवाल? ‘निदान शून्य’ नेहमीच खरं, म्हणजे माझा हिशेब इथे अडतो हे मला दिसतंय. पण तुमच्या गटाचंही काय? शून्य जणांचा गट आला म्हणजे नेमकं कोण आलं? लिसा बिलिनिना आणि रिक नाउवेन यांनी २०१८ मध्ये असा रिकामा गट मान्य करून पाहिला, पण मग ‘त्याहून जास्त नाही’ हा भाग सक्तीने जोडावा लागतो.

उंबरठा

इथे गट सोडून केनेडींच्या टोकाकडे जाईन. आलेल्यांची संख्या कुठपर्यंत पोचली? शून्यापर्यंत. रिकामा गट शोधावा लागत नाही, सक्तीची जोडही लागत नाही.

आणि तुमच्याच ‘एकही’ने हे तपासता येतं. ‘कुणीही एकही प्रश्न सोडवला नाही’ ठीक. ‘शून्य विद्यार्थ्यांनी एकही प्रश्न सोडवला’ मोडतं, जरी सांगायचं तेच आहे. आता ‘नेमक्या पाच विद्यार्थ्यांनी एकही प्रश्न सोडवला’ म्हणून बघा. तेही तसंच मोडतं. ‘एकही’ला क्रियापदाचा नकार हवा असतो, आणि तो शून्यातून मिळत नाही. शून्य इथे पाचासारखंच वागतंय.

‘शून्य’ आणि ‘एकही’ एकत्र चालणारं एखादं वाक्य कुणाला सापडलं तर इथे जरूर लिहा, मला ते बघायचं आहे.